‘हिरवे त्रिकोण’ : प्रीमो लेव्ही यांच्या छावणीवृत्तांतातील वेशचिन्हे

तुरिनचे रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही यांचे ‘से क्वेस्तो ए उन उओमो’ (‘हा जर माणूस असेल’) हे पुस्तक १९४७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. १९४४-४५ मध्ये आउश्वित्सच्या मोनोवित्स छावणीत लेखकाने भोगलेल्या बंदिवासाचा हा वृत्तांत होय. कैद्यांच्या वेशाची वर्णने त्यात जागोजाग येतात : पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट आणि विजार, टोपी, लाकडी तळाचे जोडे. ही वर्णने केवळ हालअपेष्टांची नोंद म्हणून वाचली, तर ग्रंथाचे मर्म हातून निसटते. वेश ही तेथे एक चिन्हव्यवस्था आहे; तिच्याशी लेखकाची भाषा कशी वागते, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.

नाझी छावण्यांत १९३७-३८ च्या सुमारास कापडी त्रिकोणांची पद्धत रूढ झाली. राजकीय कैद्यास तांबडा, गुन्हेगारास हिरवा, ‘समाजविघातक’ ठरविलेल्यास काळा, समलिंगी पुरुषास गुलाबी. ज्यू कैद्याच्या चिन्हात पिवळ्या रंगाची भर पडे. रंग आणि अर्थ यांचा संबंध येथे शब्दार्थसंबंधाइतकाच यादृच्छिक आहे. परंतु भाषेतील संकेत लोकव्यवहाराने रुजतो. हा संकेत हुकुमाने लादला गेला होता.

तथापि कैदी ही लिपी आपल्या परीने वाचू लागले, हे लेव्ही यांनी सूक्ष्मपणे टिपले आहे. त्यांचा स्वतःचा क्रमांक १७४५१७. नाव पुसण्यासाठी दिलेल्या या अंकांवरून जाणता कैदी माणसाच्या आगमनाचा काळ आणि देश ओळखी. लहान क्रमांकाच्या मोजक्या उरलेल्यांना मान मिळे, एक लक्ष सोळा-सतरा हजारांतले सालोनिकाचे ग्रीक ज्यू जपून वागण्याजोगे समजले जात आणि मोठ्या क्रमांकाचा नवखा थट्टेचा विषय होई. मुक्या अंकाला अशा रीतीने बोलीतील अर्थ प्राप्त झाला.

जोड्यांच्या वर्णनात हीच दृष्टी दिसते. चावणारा जोडा बदलून घेण्यासाठी संध्याकाळी ढिगातून एकच जोडा, एकाच दृष्टिक्षेपात निवडावा लागे. दुसरी संधी नसे. चूक झाली की पाय सुजत, चाल मंदावे आणि मार बसे. लेव्ही हे करुणरसाचा आधार न घेता नियम सांगावा तसे सांगतात, आणि म्हणूनच ते विदारक वाटते.

मात्र एके ठिकाणी लेखकाची भाषाही चिन्हाच्या कह्यात जाते. छावणीतील खरे धनी कोण, हे सांगताना ते ‘हिरवे त्रिकोण’ असाच शब्दप्रयोग करतात. ही लक्षणा आहे : चिन्ह धारण करणाऱ्याच्या जागी चिन्हच उभे राहते. वर्गीकरण करणाऱ्यांना हवे होते ते नेमके हेच. परंतु त्यांना साथ देणारे अन्य वर्गांतलेही होते, ही पुस्ती लेव्ही तेथेच जोडतात, आणि रंगाची सीमा मोडते.

हा तोल पुढे रसायनपरीक्षेच्या प्रकरणात पूर्ण सावरतो. कापो आलेक्स हाही हिरव्या त्रिकोणाचाच. तेलकट झालेला हात तो लेव्ही यांच्या खांद्याला पुसतो, सहज, द्वेषावाचून, जणू समोर माणूस नसून फडके आहे. लेव्ही त्याचा न्याय करतात तो या कृतीवरून. छातीवरच्या रंगाला त्या निवाड्यात स्थान नाही. छावणीने माणसाला चिन्हावरून जोखले. लेखकाने माणसाला त्याच्या वर्तनावरून जोखले. या ग्रंथाचे वाङ्मयीन आणि नैतिक मोल या एका भेदात साठलेले आहे.