तीन अक्षरांचे वजन

शिरगावातून डबे घेऊन माणसे बदलापूर स्टेशनकडे निघतात, त्या सुमारास आमच्या मोबाईलवर दिवसाचे कोडे येऊन पडते. उत्तराची मुदत इशापर्यंत. गटात आम्ही चौदा जण आहोत. एक निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, औषधाच्या दुकानात बसणारा आमचा भाचा, सोलापूरच्या दोघी बहिणी, शारजात नोकरी करणारा एक जण, आणि आमची खाला, जिचा या कामात कोणी हात धरू शकत नाही. निम्मे मुसलमान, निम्मे हिंदू. काहींचे तोंडही आम्ही अजून पाहिलेले नाही. 2020 साली टाळेबंदीत मशिदी बंद होत्या, तरावीह घरातच होत होती, त्या रमजानमध्ये वेळ जावा म्हणून हा खेळ सुरू झाला. टाळेबंदी उठली, खेळ उठला नाही.

अशा खेळावर साहित्य वार्षिकात टीकालेख कशाला, असे कोणी विचारील. संग्रहांची परीक्षणे पडून आहेत, कथांवर बोलायचे राहिले आहे, आणि तुम्ही कोडी कसली घेऊन बसलात? आमचे उत्तर साधे आहे. भाषा आपली आहे की नाही, हे गंभीर लेखनात पुरते कळत नाही. शिकून घेतलेल्या भाषेत निबंध लिहिता येतो, अर्ज लिहिता येतो, भाषणही ठोकता येते. कोटी मात्र करता येत नाही. शब्दाची गंमत करायला तो शब्द आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेला असावा लागतो. मराठी मुसलमानांची भाषा कोणती, या वादावर इतकी वर्षे आपण व्याख्याने दिली. त्या वादाचा एक निकाल या बिनपैशाच्या खेळात रोज लागतो आहे.

आधी खेळ कसा चालतो ते सांगतो. सुरुवातीला वर्तमानपत्रातल्यासारखी शब्दकोडी होती. पुढे जॉश वॉर्डल यांनी 2021 साली लोकांसमोर आणलेला 'वर्डल' हा इंग्रजी खेळ सगळीकडे पसरला. दिवसाला एक शब्द, पाच अक्षरे, सहा प्रयत्न. आम्ही तो मराठीत उतरवायला गेलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. इंग्रजीत एका चौकटीत एक सुटे अक्षर बसते. आपल्याकडे चौकटीत अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही. म्हणजे 'ह', 'हा', 'हि', 'हे' ही चार वेगळी घरे. नुसत्या अंदाजाने सापडणे कठीण. तेव्हा खालाने तोड काढली. व्यंजन बरोबर आणि स्वर चुकीचा असेल, तर कोडे घालणाऱ्याने "मात्रा चुकली" एवढे सांगायचे. शब्द 'हिशेब' असेल आणि कोणी 'हजर' म्हटले, तर पहिल्या अक्षराला मात्रा चुकली. खेळ मार्गी लागला. एका सकाळी 'हिशेब' की 'हिशोब' यावर मात्र दुपारपर्यंत भांडण झाले. दोन्ही रूपे मराठीत चालतात, हे शिक्षकांनी कोश उघडून सांगितले, तेव्हा कुठे परिचारिकाबाई ड्यूटीवर गेल्या.

उत्तर पद्यात दिले तर मान जास्त. ही टूम नवी वाटते, पण आहे जुनी. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक कवने होत. एका बाजूच्या शाहिराने पद्यातून भेद घालायचा, दुसऱ्याने तो पद्यातूनच उकलायचा, आणि उकलला नाही तर फडाची मान खाली. पेशवाईच्या उतरत्या काळातले शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, जेजुरीचे मुसलमान. शस्त्रांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस मराठी लावणीला धार लावून गेला. त्याच काळातल्या संगमनेरच्या अनंत घोलपांना आपण अनंतफंदी म्हणतो, ते मलिक फंदी या फकिराच्या सोबतीमुळे, असे सांगतात. कलगी-तुऱ्याच्या मुळाशी तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांची जोडी असल्याची दंतकथा माळवा-राजस्थानकडे आजही चालते. दंतकथेला इतिहास मानायचे कारण नाही. पण सवाल-जवाबाच्या या खेळात दोन बाजू लागतात आणि त्यातली एक आपली असू शकते, हे लोकांना पटले होते, एवढे त्यातून दिसते.

घरातल्या बायका तर याहून पुढे होत्या. आज लग्नात नाव घेतात त्याला आपण उखाणा म्हणतो. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेही. अमीर खुसरोंच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या आमच्या नानीला तोंडपाठ होत्या. त्या खरोखर खुसरोंच्या किती, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, कारण त्यांच्या लिखित प्रती फार उशिराच्या आहेत. नानीला शंका नव्हती. ती पहेली दखनीत घाली आणि उत्तर मराठीत मागे.

कोडे म्हटले की जुन्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडत, त्याचेही कारण आहे. एके काळी कोड्यांवर मोठमोठी बक्षिसे लागत. दिल्लीच्या 'शमा' या उर्दू मासिकाचा मुअम्मा घरोघरी भरला जाई. मुंबई सरकारशी अशाच कोडे-स्पर्धांवरून चाललेला चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1957 साली निकाल लागला, की ज्यात कौशल्यापेक्षा नशिबाचाच भाग मोठा, तो जुगार, त्याला व्यापार म्हणून संरक्षण नाही. त्याआधी 1955 च्या कायद्याने बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती. जुगार आणि खेळ यांतली रेषा आपल्या वाचकांना वेगळी समजवायला नको. आमच्याकडे बक्षीस नाही. जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचे कोडे घालायचा त्रास मिळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या वर्षी एका सकाळी गटातल्या एका मित्राने सूत्र दिले : "मराठीत घुसलेला परकी शब्द, तीन अक्षरे, घर चालवताना रोज लागतो." उत्तर सोपे होते. हिशेब. तरी आमच्यापैकी एकानेही ते दिले नाही. मित्र मनाचा वाईट नाही, शाळेत शिकवले तसे त्याने लिहिले. पण 'घुसलेला' हा शब्द दिवसभर टोचत राहिला. घुसणारे कोण असते? चोर, पाणी, घुसखोर. मगरिबनंतर खालाने हिशेबाचे नावही न काढता स्वतःचे कोडे टाकले :

डोके झाकता माणसे दिसती, पोट झाकता झाडी;
तिन्ही अक्षरे एकत्र येता वाणी तराजू काढी.

शिक्षकांनी पाच मिनिटांत सोडवले. वजन. पहिले अक्षर झाका, 'जन' उरतात. मधले झाका, 'वन' उरते. अरबीतून आलेल्या शब्दाच्या पोटात दोन संस्कृत शब्द गुण्यागोविंदाने नांदत आहेत. कोण कुणात घुसले, हे आता तुम्हीच सांगा, असे खालाने म्हटले नाही. तिने काहीच म्हटले नाही. आमच्या मते हे दोन ओळींचे पद्य चांगल्या कवितेच्या पंक्तीला बसते, ते याच कारणाने. तक्रार त्यात आहे, पण तक्रारीचा सूर नाही. शिवाय गझल लिहिणारे ओळ वृत्तात बसते का हे पाहताना तिचे 'वजन' पाहतात, तो अर्थही मागे उभा राहतो. तराजू वाण्याचा, तसा शायराचाही.

सगळीच पद्ये या तोलाची नसतात, हेही टीकाकाराने सांगितले पाहिजे. त्याच आठवड्यात भाच्याने लिहिले :

बोटांत असता अर्ज लिहिते, खर्डा आणि पत्र;
मागली दोघे जागा बदलता तळ्यात फुलते मात्र.

उत्तर 'कलम', उलटून 'कमल'. कल्पना सुरेख. कलम लेखणीचे, कलम आंब्याचे, कलम कायद्याचे, असे तीन अर्थ हाताशी असताना त्याने एकच वापरला, आणि 'मात्र' हा शब्द केवळ 'पत्र'शी जुळावा म्हणून आणून बसवला. खालाने तेवढेच लिहून पाठवले, "मात्रा नाही, मात्र चुकला."

या भाषिक हिशेबाला मोठा इतिहास आहे. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला, तो राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. राजसत्तेला आपली भाषा असावी असे वाटणे समजण्यासारखे आहे. पुढे माधव जूलियन यांच्यात दोन्ही प्रवाह एकत्र दिसतात. फारसीचा हा प्राध्यापक 1925 साली फार्शी-मराठी कोश देतो, 1933 साली 'गज्जलांजलि' देतो, आणि 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. ते ज्या रविकिरण मंडळाचे कवी, त्याच्या कवितेची टवाळी आचार्य अत्र्यांनी 1925 साली 'झेंडूची फुले'त केली. पण विडंबन करायला मूळ कविता रोमारोमांत भिनलेली लागते, हे त्या पुस्तकाने शिकवले. हसणारा माणूस परका असेल तर त्याच्या हसण्याला उपहास म्हणतात. घरचा असेल तर थट्टा.

येथे आम्हांला आपल्याच लेखनाकडे वळावेसे वाटते. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले : दंगली, दारिद्र्य, तलाक, घर नाकारणारे मालक, नावावरून होणारी चौकशी. हे लिहिलेच पाहिजे होते आणि अजून संपलेले नाही. पण आपल्या बहुतेक कथा-कविता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहून बोलतात. पिंजऱ्यातला माणूस जपून बोलतो, शब्द तोलून बोलतो, शुद्ध बोलतो. तो कोटी करीत नाही, कारण समोर न्यायाधीश बसला आहे. आपणही लिहिताना समोर कोणीतरी बसवून ठेवला आहे, ज्याला आपले मराठीपण पटवून द्यायचे आहे. आमच्या खालापुढे असा कोणी नाही. तिच्यापुढे तेरा मित्र आहेत, आणि त्यांना इशापूर्वी अडकवायचे आहे. म्हणून तिची मराठी मोकळी आहे. आपल्या वार्षिकांत हे हसू इतके कमी का, असा प्रश्न आम्ही संपादकांना आणि स्वतःलाही विचारतो.

खेळाने अन्याय दूर होतो असा आमचा दावा नाही. रोज पद्य पाडण्याची सवय लागली की यमकांचा कारखानाही निघतो. बायकोवरचे तेच ते विनोद आमच्याही गटात येतात आणि सोलापूरच्या बहिणी ते बरोबर परतवतात. कोड्यापुरते एकत्र आलेले मित्र कठीण दिवसांत गप्पही बसतात, तेही आम्ही पाहिले आहे.

पण त्या 'घुसलेल्या' शब्दाचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मित्राने आपले सूत्र पुन्हा टाकले. बाकी सारे तसेच, एक शब्द बदललेला : "मराठीत मुरलेला शब्द, तीन अक्षरे, घर चालवताना रोज लागतो." माफी नव्हती, खुलासा नव्हता. खालाने उत्तर दिले, "हिशेब", आणि खाली जोडले, "मुरलाय खरा, पण मीठ अजून थोडे कमी आहे."

तोवर भाच्याची लोकल अंबरनाथच्या पुढे गेली होती. त्या दिवसाचे कोडे घालायची पाळी त्याची होती, आणि उभ्याने प्रवास करताना त्याला शब्द सुचत नव्हता.