फ्रॉइडप्रणीत व्यक्तिमत्त्व-उपपत्ती आणि ‘छोटा हान्स’

व्यक्तिमत्त्वाची मूळ घडण पहिल्या पाच-सहा वर्षांतच होते, हे सिग्मंड फ्रॉइड यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्यास प्रत्यक्ष बालकाच्या निरीक्षणाचा आधार मिळाला तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा हान्स’ या व्यक्ति-अभ्यासातून. व्हिएन्नातील जेमतेम पाच वर्षांचा हा मुलगा घोड्यांना भीत असे. घोडा म्हणजे वडील, असा फ्रॉइड यांनी अर्थ लावला. तथापि उपचारकाळात ते मुलाला एकदाच भेटले. नोंदी ठेवल्या त्या वडिलांनी, आणि वडील फ्रॉइड यांच्याच अभ्यासमंडळातले. उत्तर अगोदरच गृहीत धरून विचारलेल्या प्रश्नांतून मिळालेली माहिती पुरावा कशी ठरावी? वोल्पे व रॅकमन यांनी १९६० मध्ये याच दोषावर बोट ठेवले. प्रवासी गाडीचा घोडा कोसळताना पाहिल्यापासून भीती जडली, असे हान्सने स्वतः सांगितले होते. फ्रॉइड यांनी मात्र त्यातही पित्याच्या मृत्यूची सुप्त इच्छाच वाचली. अर्थात, मुलाचे हे म्हणणे त्यांनी दडवले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानावे लागेल. १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा हान्स त्यांना भेटला, तेव्हा त्याला त्या विश्लेषणातले काहीही आठवत नव्हते; ही नोंदही फ्रॉइड यांचीच.