सेमरिंगचा घाट आणि एका मुलाचें मौन

स्टेफान झ्वाइग हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. चरित्रकार म्हणून व बुद्धिबळावरील एका प्रसिद्ध कथेचे कर्ते म्हणून या व्हिएन्नावासी लेखकाचा लौकिक मोठा आहे. त्या मानानें त्यांची आरंभींची एक दीर्घकथा आपल्याकडे मागें पडली आहे. 'ब्रेनेन्डेस गेहाइमनिस', म्हणजे 'जळतें गुपित', ही ती कथा. इ. स. १९११ मध्यें चार कथांच्या एका संग्रहांत ती प्रथम प्रसिद्ध झाली. आजारांतून उठलेल्या मुलास घेऊन एक आई थोड्या दिवसांकरितां आल्प्समधील एका गांवीं येते आणि तेथून तीं दोघें निरनिराळ्या वाटांनीं परततात, एवढेंच तिचें कथानक. ही कथा मुलांच्या हातीं देण्याजोगी नाहीं असा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्ही मान्य करूं. परंतु आईबापांनीं मात्र ती अवश्य वाचावी, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सेमरिंग हें ठिकाण व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येस सुमारें १०० किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,००० मीटर उंचीवरील ही खिंड आगगाडीनें प्रसिद्धीस आणली. इ. स. १८४८ ते १८५४ या काळांत कार्ल फॉन गेगा या स्थापत्यविशारदानें चौदा बोगदे व सोळा मोठे पूल बांधून ४१ किलोमीटरांचा लोहमार्ग या घाटांतून नेला. इ. स. १९९८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत त्याची गणना केली. इ. स. १८८२ मध्यें तेथें रेल्वे-कंपनीचें हॉटेल उघडलें, आणि व्हिएन्नांतील सुखवस्तु मंडळींची तेथें हवा पालटण्यासाठीं रीघ लागली. शहरांतून निघावें आणि कांहीं तासांत अरण्याच्या कांठीं, पण शहरी थाटाच्याच भोजनगृहांत बसावें, अशी ही सोय होती.

हा भूगोल कथेच्या अंगांत मुरलेला आहे. घरीं बाप कामावर जातो, आई घर चालविते, आणि मूल या कामांच्या आडून मोठ्यांकडे पाहत असतें. हॉटेलांत कोणासच काम नसतें. तेथें मोठीं माणसें उघडीं पडतात, आणि पाहण्यावांचून दुसरा उद्योग नसलेलें मूल त्यांच्यासमोर बसलेलें असतें. शिवाय मुक्काम थोडा असतो. ज्या गोष्टीस घरीं महिने लागले असते, ती येथें चार दिवसांत उरकावी लागते. आणि घाईनें केलेली लबाडी मुलाच्याहि ध्यानांत येते.

एडगर हा बारा वर्षांचा मुलगा. बाप व्हिएन्नांत वकील. हॉटेलांत त्याच्याशीं बोलायला कोणी नाहीं. रजेवर आलेला एक तरुण बॅरन त्याच्या सुस्वरूप आईस पाहतो, आणि तिच्यापर्यंत पोंचण्याची सोपी वाट म्हणून मुलाशीं गट्टी करतो. एवढा मोठा माणूस आपला मित्र झाला, या आनंदानें मुलगा फुलून जातो. ओळख झाल्यावर त्याचें काम संपतें. पूर्वीं जो दुवा होता तोच आतां अडसर होतो. त्याला टपालकचेरीकडे पिटाळून तीं दोघें गाडींतून निघून जातात. मुलाच्या प्रेमाचें रूपांतर तेथें द्वेषांत होतें. मोठ्यांजवळ कांहीं तरी गुपित आहे व तें आपल्यापासून लपविलें जात आहे, एवढेंच त्याला कळतें. तो त्यांच्या पाळतीवर राहतो, आणि एका रात्रीं हॉटेलच्या अंधाऱ्या बोळांत बॅरनवर झडप घालतो. दुसऱ्या दिवशीं आई त्याला क्षमेचें पत्र लिहावयास सांगते, तो नाकारतो, ती त्याच्या तोंडांत मारते, आणि तो उलट हात उगारून पळ काढतो.

या भागांत झ्वाइग यांनीं दाखविलेली सूक्ष्मता असामान्य आहे. मुलाचा राग आईच्या वर्तनावर आहे असें वरवर वाचणाऱ्यास वाटेल. पण त्या वर्तनाचा अर्थच त्याला ठाऊक नाहीं. त्याला जाळतें तें हें, कीं दोन मोठीं माणसें आपल्या तोंडावर खोटें बोललीं. मुलांस आपण पुष्कळ गोष्टी सांगत नाहीं, व त्यांतील कित्येक न सांगणेंच योग्य असतें. परंतु न सांगणें निराळें आणि मुलास मूर्ख समजून बनविणें निराळें. पहिल्यानें मुलाची जिज्ञासा अतृप्त राहते; दुसऱ्यानें त्याचा मान जातो. बारा वर्षांच्या मुलासहि मान असतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांत अद्याप कोणाच्या गांवीं नसते.

यानंतरचें प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटतें. एडगर स्वतः तिकीट काढून आजीच्या घरीं, बाडेनला, जावयास निघतो. जी गाडी त्याला आईच्या सामानाबरोबर वर घेऊन आली, तीच आतां त्याला एकटा खालीं नेते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत तो प्रथमच श्रम करून जगणारीं माणसें जवळून पाहतो. पैसा कोठून येतो, कोण काय काम करतें, हे प्रश्न त्याला पूर्वीं पडलेच नव्हते. गुपित शोधावयास निघालेल्या मुलास गुपिताऐवजीं जग सांपडतें. हॉटेलच्या रिकामपणानंतर येणारा हा डबा लेखकानें मुद्दाम योजला आहे, आणि तरीहि तो मुद्दाम योजलेला वाटत नाहीं.

शेवटीं आजीच्या घरीं बाप त्याला जाब विचारतो. सर्व कांहीं सांगून टाकण्याची, सूड घेण्याची, ही वेळ. इतक्यांत बापाच्या मागें उभी असलेली आई ओठांवर बोट ठेवून त्याला विनविते. मुलगा सर्व दोष आपल्याकडे घेतो व गप्प राहतो. ज्या खोटेपणाचा त्याला इतका संताप आला होता, त्याचाच तो आश्रय करतो. पण स्वतःच्या सुखाकरितां नव्हे, दुसऱ्याच्या रक्षणाकरितां. ज्ञानानें मूल मोठें होतें असें आपण समजतों. झ्वाइग सुचवितात कीं, हातीं आलेलें ज्ञान शस्त्रासारखें न वापरण्याच्या निश्चयानें तें मोठें होतें. या एका प्रसंगाकरितां सारी कथा लिहिली गेली असावी.

तथापि हा शेवट आम्हांस निःशंकपणें स्वीकारतां येत नाहीं. त्या रात्रीं आई मुलाच्या बिछान्यापाशीं येते. तिच्या अश्रूंत, यापुढें आपण केवळ त्याच्याच आहोंत असें वचन मुलाला जाणवतें. लेखक येथें गहिंवरतात. पण हिशेब पाहिला तर काय दिसतें? बॅरन शिकारीस आला आणि हात झटकून निघून गेला. त्याला लेखकानें कसलीच किंमत द्यावयास लावली नाहीं. बापास कांहींच कळलें नाहीं. एकट्या आईनें आपल्या उरलेल्या तारुण्याचा त्याग करून सर्वांचें देणें फेडावयाचें! जिच्यावर पतीचें कधीं खरें प्रेम जडलें किंवा कसें, जिचें तिच्यावांचून दुसरें कोणी ऐकलें किंवा कसें, त्या स्त्रीचें मन लेखकानें आरंभीं क्षणभर उघडून दाखविलें होतें. तें दार त्यांनीं मागाहून लावून घेतलें. मुलाच्या न्यायबुद्धीची वाढ दाखवितांना लेखकाच्या स्वतःच्या न्यायाचें पारडें असें एका बाजूस झुकलें आहे. बॅरनहि बेताचाच उतरला आहे. तो शिकारी आहे हें आपणांस इतक्या वेळां सांगितलें जातें, कीं त्यांत माणूस शोधण्याचें कारणच उरत नाहीं.

आई व मुलगा या नात्यावरील मराठींतील सर्वांत प्रिय पुस्तक म्हणजे साने गुरुजींचें, इ. स. १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेलें, 'श्यामची आई'. त्याच्या शेजारीं ही कथा ठेवणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु दोन्हींचा विषय एकच आहे: आईपासून मूल काय शिकतें? श्याम आईच्या थोरवीपासून शिकला, म्हणून त्याला तिच्याविषयीं सांगावेंसें वाटतें. एडगर आईच्या दुबळेपणापासून शिकला, म्हणून तो तिच्याविषयीं गप्प राहतो. श्यामच्या आईसारखी आई लाभणें हें भाग्याचें काम आहे. ज्या घरांत मोठीं माणसें चुकतात, आणि तीं कोणत्या घरांत चुकत नाहींत, तेथें मुलांच्या वांट्यास बहुधा एडगरचाच अभ्यास येतो. आपल्या मौनानें आपलें मूल आपणांस सांभाळून घेत आहे, ही गोष्ट आपल्या लक्षांत तरी येते काय, एवढा प्रश्न ही कथा वाचणाऱ्या आईबापांच्या मनांत उभा राहिला तर तिचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.