एसक्यूएल पॅकेजची नियमित देखभाल : एक चिकित्सा

‘पॅकेज’ हा शब्द मराठीत पुरता रुळला असला तरी त्यातून बोध होतो तो नोकरीतील पगाराचा, सहलीचा किंवा शासकीय मदतीचा. आयबीएमने जून १९८८ मध्ये जाहीर केलेल्या एएस/४०० या मध्यम श्रेणीच्या सर्व्हरवर व त्याच परंपरेतील आजच्या ‘आयबीएम आय’ या कार्यप्रणालीवर मात्र एसक्यूएल पॅकेज ही डिस्कवर कायम राहणारी स्वतंत्र वस्तू होय. एसक्यूएल विधाने व त्यांसाठी ऑप्टिमायझरने ठरविलेले ॲक्सेस प्लॅन तिच्यात साठविले जातात.

गंगापूर रोडवरील महाविद्यालयांत पुणे विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम शिकणारा विद्यार्थी प्रात्यक्षिके करीत आला आहे ती पोस्टग्रेएसक्यूएलवर. तेथे ‘प्रिपेअर’ केलेले विधान सेशन संपताच नाहीसे होते. त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणारा व वाढत जाणारा प्लॅन ही कल्पनाच त्याला अपरिचित राहते. अशा विद्यार्थ्याच्या हाती नोकरीत प्रथम पडतो तो ‘पॅकेजेस ठरावीक काळाने काढून टाकावीत’ हा प्रघात. या प्रघाताचे समर्थन सामान्यतः ‘प्लॅन जुने होतात’ असे केले जाते. हे समर्थन अपुरे आहे. इंडेक्स काढला गेला किंवा टेबलातील नोंदींची संख्या बरीच बदलली, तर विधान चालविताना जुना प्लॅन तपासला जातो व आवश्यक असल्यास नवा तयार होतो. खरी अडचण साचण्याची आहे. वापरातून गेलेली विधाने पॅकेजमध्ये तशीच पडून राहतात, आकार वाढतो आणि पॅकेज भरल्यावर नव्या विधानांना जागा उरत नाही. डीएलटीएसक्यूएलपीकेजी ही आज्ञा निवडक विधाने वगळीत नाही, संपूर्ण पॅकेजच नष्ट करते. घरातील एक फुटका माठ टाकण्यासाठी सारी मांडणीच बाहेर फेकावी, तसा हा प्रकार होय!

त्याची किंमतही मोजावी लागते. पॅकेज गेल्यानंतर प्रत्येक विधानाचा विचार ऑप्टिमायझरला नव्याने करावा लागू शकतो. हे काम सोमवारी सकाळी, शेकडो वापरकर्ते एकाच वेळी जोडले जात असताना झाले, तर पहिली विचारणा रेंगाळते. कार्यप्रणालीची आवृत्ती बदलल्यानंतर पॅकेज काढणे समर्थनीय ठरते. केवळ महिना उलटला म्हणून नव्हे.

याहून गंभीर दोष म्हणजे सर्व पॅकेजेसना एकाच मापाने मोजणे. ओडीबीसी जोडणीतून, बहुधा क्यूजीपीएल लायब्ररीत, तयार झालेले पॅकेज पुढील वापरात आपोआप पुन्हा उभे राहते. दूरस्थ डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी सीआरटीएसक्यूएलपीकेजी आज्ञेने घडविलेल्या पॅकेजची गोष्ट वेगळी आहे. ते सरसकट पुसले गेल्यास प्रोग्राम ‘पॅकेज सापडत नाही’ या उणे ८०५ क्रमांकाच्या त्रुटीवर थांबतो आणि कोणीतरी ते पुन्हा घडवीपर्यंत थांबूनच राहतो. असे असूनही, कोणते पॅकेज कोणत्या प्रकारचे व त्यात कोणती विधाने आहेत, हे पीआरटीएसक्यूएलआयएनएफ या आज्ञेने छापून पाहण्याची पायरी देखभालीच्या वेळापत्रकात क्वचितच नोंदविलेली असते.