केराटिन : एक नाव, दोन कुळे

पक्ष्याचे पीस, माणसाचा केस, गाईचे शिंग आणि मांजराचे नख ही सारी केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाची बनलेली असतात, हे विधान मराठीतील शास्त्रीय लेखनात वारंवार आढळते. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. त्याचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा. परंतु या व्यवसायामुळेच त्यास ‘एकाच’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते. हे एकत्व रूपसाम्याचे की कुळाचे? मराठी व कानडी यांच्यात शेजारामुळे पुष्कळ साम्ये निर्माण झाली, म्हणून त्या एका कुळातल्या होत नाहीत. उलट दूरच्या सिंहलीशी मराठीचे रक्ताचे नाते आहे. भाषांच्या बाबतीत आपण जो विवेक विद्यार्थ्यांकडून अपेक्षितो, तो प्रथिनांच्या नावात पाळला गेला आहे काय, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

वडाळ्यास राहणाऱ्यास उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शिवडी-वडाळ्याकडील चिखलपट्टीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचे एखादे गळलेले पीस हाती घ्यावे. त्याचा गुलाबी रंग प्रथिनाचा नव्हे. तो अन्नातून आलेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. पण दांडा, त्यातून फुटलेले तंतू आणि त्यांना परस्परांत अडकविणारे सूक्ष्म आकडे हे मुख्यत्वे ज्या द्रव्याचे बनले आहेत, त्यास ग्रंथांतून ‘बीटा-केराटिन’ म्हणतात. या नावाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

1930 च्या सुमारास लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरणांचे प्रयोग करीत होता. सहज स्थितीतील लोकर एक आकृती देई, ओली करून ताणलेली लोकर दुसरी. पहिलीस त्याने अल्फा व दुसरीस बीटा म्हटले. म्हणजे ही दोन नावे मुळात एकाच द्रव्याच्या दोन अवस्थांची होती. पुढे पिसाची आकृती पाहता ती ताणलेल्या लोकरीशी मिळतीजुळती निघाली, आणि अवस्थेचे नाव हळूहळू पिसाच्या द्रव्याचे कुलनाम होऊन बसले. व्याकरणातील दृष्टान्त द्यावयाचा तर ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते तेव्हा शब्द तोच राहतो, रूप मात्र पालटते. ‘वाड्या’ हे रूप ‘घोड्या’सारखे दिसते एवढ्यावरून वाडा व घोडा यांचे मूळ एक ठरविणाऱ्यास आपण काय म्हणू? ॲस्टबरीस दोष देता येणार नाही. त्याच्यापुढे केवळ आकृत्याच होत्या. दोष आहे तो प्रथिनांची अक्षरे वाचता येऊ लागल्यानंतरही जुने नाव निमूटपणे चालविणाऱ्यांचा.

ती अक्षरे वाचण्याचे काम ऑस्ट्रेलियात पुढे गेले. 1973 साली ओ’डॉनेल याने एमू पक्ष्याच्या पिसातील एका प्रथिनाचा संपूर्ण अमिनो-आम्लक्रम प्रसिद्ध केला. पिसातील अशा प्रथिनात अवघी शंभराच्या आसपास अमिनो आम्ले असतात. लोकरीतील अल्फा-केराटिन त्याच्या चौपट किंवा त्याहूनही मोठे. त्याच्या मधल्या सुमारे 310 घटकांच्या भागाची मळसूत्री वळणे होतात आणि दोन भिन्न प्रकारच्या साखळ्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती गुंफल्या जातात. पिसातील प्रथिनात असे पेड नाहीत. त्याच्या मधल्या 34 घटकांच्या भागाच्या घड्या पडतात, अशा दोन घड्या समोरासमोर बसतात, आणि त्यांतून जेमतेम साडेतीन नॅनोमीटर जाडीचा तंतू घडतो. दोन्ही क्रम शेजारी ठेवले तर त्यांच्यात वंशसंबंध सुचविणारे काही सापडत नाही.

जनुकांची साक्ष याहून स्पष्ट आहे. माणसात केराटिनाची 54 जनुके असून ती 12 व 17 या गुणसूत्रांवर आहेत. कोंबडीचा जनुकसंच 2004 साली प्रसिद्ध झाला. तीत बीटा गटाची शंभराहून अधिक जनुके आढळली. त्यांचा एक मोठा समूह 25 व्या गुणसूत्रावर, त्वचेच्या बाह्य थराची घडण करणाऱ्या जनुकांच्या वस्तीत आहे. माणसातही अशी वस्ती आहे, पण तीत केराटिने नाहीत. अल्फा कुळ सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत आढळते. बीटा कुळ फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांत व पक्ष्यांत. पक्ष्यांच्या पायांवरील खवल्यांतील बीटा प्रथिनात ग्लायसिनने भरलेला एक भाग असतो, तो पिसातील प्रथिनात नाही. पीस जणू संक्षेपाने घडले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. पिसात अल्फा-केराटिन मुळीच नसते असे नव्हे. जिची पिसे बाहेरच्या बाजूस वळलेली असतात अशा उलट्या पिसांच्या कोंबडीचे कारण 2012 साली उलगडले, तेव्हा दोष एका अल्फा जनुकात निघाला. त्या प्रथिनाचा एक तुकडा गळाल्याने पिसाचा दांडा वाकतो. तेव्हा पीस हा दोन कुळांचा सामाईक संसार होय. आणि एकाच नावाने दोघांस हाक मारली तर कोणाचे काय बिघडले हे सांगणे कठीण होते.

नावाची दुरुस्ती शास्त्रज्ञांनी हाती घेतली आहे. इटालियन अभ्यासक आलिबार्दी व त्याचे सहकारी ‘केराटिन’ टाळून लॅटिन ‘कॉर्नु’, म्हणजे शिंग, या शब्दावरून साधलेले विशेषण योजतात. भाषाभ्यासकास यात थोडी गंमत वाटेल. ग्रीक ‘केरास’, लॅटिन ‘कॉर्नु’ व संस्कृत ‘शृंग’ हे शब्द सगोत्र आहेत. केराटिनातून सुटण्यासाठी हे संशोधक त्याच्याच भावंडाकडे गेले. त्यांच्या भाषेत हे खपते, कारण तेथे नाते झाकलेले आहे. मराठीत मात्र पहिल्यास ‘शृंगप्रथिन’ व दुसऱ्यास ‘शृंगी बीटा-प्रथिन’ म्हटले की जुना घोटाळा नव्याने उभा राहील.

परिभाषाकाराने मूळ शब्दाची चूक उचललीच पाहिजे असा नियम नाही. ऑक्सिजन म्हणजे आम्लजनक. सर्व आम्लांत हा वायू असतो या लाव्हाझिएच्या चुकीच्या समजुतीचे ते अवशेष. जर्मन भाषेने ती चूक शब्दशः उतरविली. मराठीने ‘प्राणवायू’ म्हणून ती टाळली. त्याच न्यायाने ‘केराटिन’ हा शब्द अल्फा कुळापुरता राखावा. दुसऱ्यास ‘पिच्छप्रथिन’ म्हणावेसे वाटेल, पण ते चोचीत, नखांत व कासवाच्या कवचावरील शल्कांतही असल्याने ते नाव अपुरे पडते. ‘दृढ बीटा-प्रथिन’ हे नाव गुण सांगते, घडण सांगते आणि नात्याविषयी मौन पाळते. ‘बीटा-केराटिन’ हे रूप विद्यार्थ्यास परकीय निबंध वाचताना ओळखता यावे, म्हणून कोशात ते पर्यायी नोंद म्हणून ठेवावे. पाठ्यपुस्तकाच्या मजकुरात नको.