घाटघरची वंशावळ आणि वादळाचा पंचनामा

आजचा विषय कुलवृत्तांत. मराठीत या प्रकारची इतकी पुस्तकं आहेत, पण त्यांच्यावर समीक्षा म्हणून कुणी फारसं बोलत नाही. कुलवृत्तांत निघतो, संमेलनात त्याचं प्रकाशन होतं, घरोघरी एकेक प्रत जाते आणि कपाटात बसते. त्याला कुणी साहित्य मानत नाही, आणि इतिहासकारही लागेल तेवढंच उचलून बाकीचं सोडून देतात. आम्ही आज या प्रकाराला एक साधा प्रश्न विचारणार आहोत. गावावर वादळ आलं, दरड आली, तर त्या गावाच्या माणसांना कुलवृत्तांताचा काय उपयोग?

प्रश्न विचित्र वाटेल. पण जगात काही ठिकाणी तो अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकादी नावाचा फ्रेंच भाषक समाज राहत होता. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना गावांतून उठवून जहाजांत भरलं आणि ठिकठिकाणी नेऊन सोडलं. कुटुंबं फुटली. पुढे त्यांतले बरेच जण अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीच्या किनारी प्रदेशात स्थिरावले. आज एकेका आडनावाची त्यांची कुलमंडळं आहेत, आणि १९९४ पासून दर काही वर्षांनी सगळ्या अकादींचं जागतिक संमेलन भरतं. याच किनाऱ्यावर २००५ मध्ये ऑगस्टअखेर कत्रिना आणि सप्टेंबरात रीटा अशी दोन चक्रीवादळं आली. ज्या समाजाची आठवणच पांगापांगीची आहे, त्याला "कोण कुठे आहे" ही यादी हौस म्हणून ठेवता येत नाही. आपल्याकडे ती हौस आहे का, एवढंच आज तपासायचं.

त्यासाठी आम्ही घाटघर निवडलंय. जुन्नरहून पश्चिमेला निघालं की नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जीवधनच्या पायथ्याचं हे गाव. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. निवडायचं कारण असं की आपल्या प्रदेशातला सगळ्यात जुना म्हणावा असा कुलवृत्तांत याच गावाच्या वेशीवर आहे, आणि तो दगडात आहे.

नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पायांच्या खुणांपलीकडे त्यांचं काही उरलेलं नाही. पण वरची नावं शिल्लक राहिली: सिमुक, सातकर्णी आणि देवी नागनिका, कुमार, महारठी त्रणकयिर. आता यातली एक गोष्ट बघा. हा महारठी म्हणजे नागनिकेचा बाप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सासरच्या कुलदर्शनात माहेरचा बाप पूर्ण मानानं उभा होता. आणि लेखही राणीच्याच बाजूनं बोलतो. दोन हजार वर्षांनंतर छापलेल्या आपल्या कित्येक कुलवृत्तांतांत सुनेचं माहेर कंसात जातं, तेही माहीत असलं तर.

पण लेखाचं कौतुक इथेच थांबवू. कारण त्यात मोजलंय काय? यज्ञ आणि दक्षिणा. १,७०० गाई, २४,४०० कार्षापणं, घोडे, हत्ती, गावं. आकडे इतके तपशीलवार की भारतातल्या अंकलेखनाच्या अभ्यासासाठी हा लेख महत्त्वाचा ठरला. मात्र घाट कुणी खोदला, पायऱ्या कुणी घातल्या, पावसाळ्यात वाट कोण राखत होतं, यातलं एक अक्षर त्यात नाही. घराणं स्वतःबद्दल लिहायला बसलं की आपण दिलेलं मोजतं, घेतलेलं मोजत नाही. ही सवय तेव्हापासूनची.

आता छापील कुलवृत्तांताकडे येऊ. आपटे, गोखले, बापट अशा कुलांचे वृत्तांत आपल्यापैकी अनेकांनी चाळले असतील. त्यामागचे कष्ट खरे आहेत. पत्रं पाठवून, गावोगाव फिरून, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या धुंडाळून लोकांनी ही माहिती गोळा केली, आणि तीही पदरमोड करून. त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण साहित्यप्रकार म्हणून त्याचा साचा बघा. आधी गोत्र, प्रवर, कुलदैवत. मग मूळ गाव. मग घराणी आणि शाखा. मग प्रत्येक पुरुषाचं शिक्षण, हुद्दा, पत्ता. मूळ गावाला सुरुवातीची एक-दोन पानं मिळतात आणि मग माणसं पुण्या-मुंबईला, पुढे परदेशी गेली की गाव पुस्तकातून जातं. मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ संपते. आणि ज्यांनी त्या कुळाच्या वाड्या शिंपल्या, त्यांची ओळ मुळात सुरूच झालेली नसते.

या साच्याची परीक्षा ३ जून २०२० ला झाली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि पुणे जिल्ह्यावरून पुढे नाशिककडे गेलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पलीकडे दापोलीतली केळशी, आंजर्ले. ही नुसती पर्यटनाची गावं नव्हेत, अनेक कुलवृत्तांतांची ही पहिली पानं आहेत. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून हाती सुपारी यायला कित्येक वर्षं जातात. शहरातल्या कुणाकुणाने मदत केली असेल, नव्हे, केलीच असेल. पण पुस्तकाकडे बघून विचाराल की या गावात आज आपलं कोण राहतं, वाडी कोण करतं, त्याचं आपल्याशी नातं काय, तर पुस्तक गप्प बसतं. आठ पिढ्यांपूर्वीच्या मूळ पुरुषाचं नाव त्यात सापडतं, आणि आज छप्पर उडालेल्या माणसाचं सापडत नाही.

तेच वादळ त्याच दिवशी सह्याद्री चढून जुन्नर-आंबेगावात आलं. छपरं उडाली, आणि हिरड्याची झाडं मोडली, उन्मळून पडली. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, हिरडा म्हणजे त्रिफळ्यातला. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न बरंचसं त्यावर चालतं. उन्हाळ्यात कोवळी फळं झोडायची, उन्हात काळी पडेपर्यंत वाळवायची आणि विकायची. हाच तो बाळहिरडा. त्यात भात पोटापुरता, तर हिरडा मुलांच्या शाळेला, लग्नाला, दवाखान्याला. ही झाडं कालची लावलेली नाहीत. आज्याने, पणज्याने राखलेली आहेत. कुणाचं झाड कुठलं, कुठल्या भावाच्या वाटणीला कुठला माळ, हे सगळं तोंडपाठ असतं. आमच्या मते हाच घाटघरच्या बाजूचा कुलवृत्तांत. तो पुस्तकात नाही, झाडांत आहे.

वादळानंतर हा वृत्तांत वाचायला सरकारचा पंचनामा आला. पंचनामा हाही एक मजकूर आहे, त्याचीही समीक्षा करता येते. त्याच्या नमुन्यात रकाने ठरलेले असतात: घर अंशतः, घर पूर्ण, पीक, फळबाग. हिरडा यांतल्या कशातच धड बसेना. तो पेरलेलं पीक नाही आणि रांगेत लावलेली बागही नाही. कोकणातल्या वाड्यांनाही आधी हेक्टरी हिशेब लावला होता. तिथे आरडाओरड झाली आणि नारळ-सुपारीला झाडामागे रक्कम धरायचा निर्णय त्याच वर्षी झाला. म्हणजे रकाना बदलता येतो, हे सिद्ध झालं. हिरड्यासाठी मात्र निवेदनं, मोर्चे, उपोषणं यांत वर्षं गेली. किसान सभेने हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे राज्य सरकारला निर्णय घ्यावा लागला. हा फरक कशाचा? एका झाडाभोवती लिहिणारी माणसं होती, छापलेलं साहित्य होतं, शहरात बसलेले नातेवाईक होते. दुसऱ्या झाडाभोवती तोंडपाठ असलेली माहिती होती.

यावर कुणी म्हणेल, मौखिक परंपरा समृद्ध असते, तिला कागदाची गरज काय? आम्हीही पूर्वी असं बोलत होतो. माळीणनंतर तसं बोलायचं आम्ही सोडलं.

माळीण आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गावाचा मोठा भाग गाडला गेला. १५१ माणसं गेली. बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे, गाव जागेवर दिसेना म्हणून. त्यानंतर कित्येक दिवस ढिगारा उपसणं चालू होतं, आणि त्यातला एक प्रश्न सतत होता: हे कोण? काही घरांत सांगायलाच कुणी उरलं नव्हतं. ओळख पटवायची ती बाहेर असलेल्यांनी. कामाला गेलेला मुलगा, आश्रमशाळेतली पोर, दुसऱ्या गावात दिलेली लेक. मघाशी आपण म्हटलं ना, छापील कुलवृत्तांतात लेकीची ओळ लग्नाशी संपते? इथे घराण्याची आठवण ठेवायला तीच उरली. तोंडपाठ असलेली वंशावळ ज्यांच्या तोंडी होती ती माणसंच गेली, तर मौखिक परंपरेचं कौतुक कुणासमोर करायचं?

आणि कागद मागितला जातोच, मंडळी. मदत वारसाला मिळते, म्हणजे वारस दाखवा. सातबारावर अजून आज्याचं नाव, खातं सामाईक, म्हणजे वंशावळ द्या. मुलाला अनुसूचित जमातीचा दाखला पडताळून हवा, तर १९५० च्या आधीचा पुरावा आणा, पुन्हा वंशावळ. शहरातलं घराणं वंशावळ आवडीने काढतं. घाटघरच्या माणसाला ती तहसील कचेरीच्या दारात, कागदाला कागद जोडत, उभ्या उभ्या सिद्ध करावी लागते. शब्द एकच आहे, पण एकासाठी तो वारसा आहे आणि दुसऱ्यासाठी हेलपाटा.

म्हणूनच "चिवट समाज", "पुन्हा उभं राहिलेलं गाव" अशा शब्दांची आम्हांला धास्ती वाटते. आपत्तीनंतर हे शब्द फार उदारपणे वाटले जातात. माळीणचं पुनर्वसन झालं, जवळच आमडे इथे नवीन घरं उभी राहिली, २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचं लोकार्पण झालं. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. लोक तरीही राहिले, दुसरं करणार काय? याला चिवटपणा म्हणून टाळ्या वाजवल्या की तडे कुणामुळे गेले हा प्रश्न बाजूला पडतो. या भागाला उठून बसायची सवय जुनी आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. सवय आहे म्हणून दर वेळी तिच्यावरच भार टाकायचा, हे काही बरोबर नाही.

मग घाटघरने आता कुलमंडळ काढावं, संमेलन भरवावं, असं आमचं म्हणणं आहे का? इथे आम्ही थोडं अडखळतो. कुलमंडळ म्हटलं की कोण आतला, कोण बाहेरचा हे ठरवणं आलं. दत्तक गेलेला, घरजावई आलेला, दुसऱ्या जमातीतली सून, गावात चार पिढ्या राहूनही आडनाव वेगळं असलेला, यांचं काय? शहरी कुलवृत्तांतांनी जातीचा अभिमान जपला, तोही दोष त्यांच्याबरोबर येईल. ती नक्कल नको.

आम्हांला वाटतं, एकक बदलावं. कुळाऐवजी वाडी घ्यावी. वाडीचा वृत्तांत, शाळेच्या वहीत लिहिलेला असला तरी चालेल. त्यात घरागणिक सगळ्यांची नावं, बायकांची माहेर-सासर दोन्हीकडची. लेक कुठे दिली, तिचा ठावठिकाणा. कामाला कोण कुठे जातं. हिरड्याची झाडं किती, कुठल्या माळावर, कुणी राखलेली. झरे कुठले, कुठला आटला, कुठे नव्याने पाणी फुटलं, डोंगराला भेग कुठे दिसली. ही शेवटची नोंद ज्या वाडीत होते, तिथे ती वाचून वेळेत खाली उतरणंही शक्य होतं. एक प्रत वाडीत, एक ग्रामपंचायतीत, आणि एक दूर दिलेल्या कुठल्यातरी लेकीच्या घरी. दरड आली तर सगळ्या प्रती एका जागी असू नयेत, एवढाच हेतू.

छापील कुलवृत्तांतवाल्यांनाही आमची विनंती आहे. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा मूळ गावाचं पान आजच्या तारखेने लिहा. तिथे आत्ता कोण राहतं, वाडी कोण करतं, त्यांची नावं घाला, आडनाव आपलं नसलं तरी. पुस्तक फार जाड होणार नाही.

नाणेघाटातल्या मूर्तींचे पायच उरले, पण वर नावं होती म्हणून ते पाय कुणाचे हे आपल्याला सांगता येतं. त्या घाटातून ओझी वाहणाऱ्यांची नावं कुणी कोरली नाहीत. निदान त्यांच्या शेजारच्या गावात आज राहणाऱ्यांची तरी लिहून ठेवू. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि जुन्नर-आंबेगावकडचं कुणी ऐकत असेल तर आमचं कुठे चुकलं तेही सांगा.