दुसऱ्या फेरीची कसोटी

रेसिंग गेममधला सर्वांत चांगला ट्रॅक कोणता, या वादात बहुतेक जण देखाव्याची साक्ष काढतात. कुणी समुद्रकाठच्या रस्त्याचं नाव घेतो, कुणी बर्फाळ घाटाचं. पण देखावा पहिल्या फेरीपुरता. दुसऱ्या फेरीत डोळे सरावतात आणि ट्रॅकपाशी स्वतःचं असं काय आहे ते उघडं पडतं. पहिल्या फेरीत कळलेलं दुसऱ्या फेरीत कामी येतं का, आणि तरीही हा रस्ता काही नवं विचारतो का, एवढंच पाहावं. असं पाहिलं तर बऱ्याच लाडक्या ट्रॅकचा मुलामा उतरतो. शिवाय ट्रॅक रचण्याची ही कला पैशाने गब्बर होत असताना कल्पकतेने रोडावत चालली आहे, हेही दिसतं.

'मारिओ कार्ट'मधला 'रेनबो रोड' घ्या. १९९२च्या पहिल्या गेममध्ये तो अगदी सपाट होता. अरुंद रस्ता, काटकोनी वळणं, कडेला कठडा नाही आणि वाटेत वरून आदळणारे दगडी ठोकळे. फेऱ्या पाच. प्रत्येक फेरीत तेच वळण जरा उशिरा ब्रेक लावून घेण्याचा मोह, आणि चुकलं की थेट खाली. १९९६च्या 'मारिओ कार्ट ६४'मध्ये हाच रस्ता भव्य झाला. रात्रीचं आकाश आलं, हळवं संगीत आलं, आणि दोन्ही कडांना ताऱ्यांचा सलग कठडाही आला. मग पडायचं कुठे? एका फेरीला सुमारे दोन मिनिटं, अशा तीन फेऱ्या, आणि बराचसा वेळ बटण दाबून धरण्यात जातो. या ट्रॅकवरचा सर्वांत थरारक क्षण म्हणजे सुरुवातीच्या उतारावरून कठडा ओलांडून उडी मारायची आणि कितीतरी खालच्या रस्त्यावर उतरायचं. म्हणजे ट्रॅक चुकवण्यातच त्याची मजा! यावर 'तुम्हाला बालपणीच्या आठवणींची किंमत कळत नाही' असं कुणी म्हणेल. आठवणींना हरकत नाही, संगीत खरंच सुंदर आहे. पण २०१४च्या 'मारिओ कार्ट ८'मध्ये निन्टेन्डोनेच हा ट्रॅक परत आणताना तीन फेऱ्यांची शर्यत एका फेरीत आटोपती घेतली. करणाऱ्यानेच दिलेला हा निकाल पुरेसा बोलका आहे.

याच्या उलट याच मालिकेतला २००३चा 'बेबी पार्क'. चक्क एक लंबगोल. दोन सरळ पट्ट्या, दोन वळणं, सात फेऱ्या. कागदावर याहून दरिद्री आराखडा सापडणार नाही. पण मधल्या दुभाजकापलीकडून समोरून येणाऱ्यांनी फेकलेली कासवाची कवचं इकडे येतात, मागे पडलेले आणि पुढे असलेले एकमेकांत मिसळतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत आपण कितवे आहोत याचाच पत्ता राहत नाही. रस्ता तोच, प्रसंग दर वेळी निराळा. १९९३च्या 'रिज रेसर'ने तर जवळपास एकाच ट्रॅकवर अख्खं आर्केड यंत्र चालवून दाखवलं.

इथे रास्त आक्षेप येतो. ज्या रस्त्याला फेऱ्याच नाहीत त्याचं काय? महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीने 'रोड रॅश'वर हात साफ केला. त्यातले रस्ते तर इथून तिथपर्यंत सरळ जाणारे. पण त्या गेमची रचना पाहा. रस्ते पाचच, आणि प्रत्येक पातळीवर तेच पुन्हा, जास्त लांब होऊन, जास्त आडदांड प्रतिस्पर्ध्यांसह येतात. ओळखीच्या रस्त्यावर अनोळखी रहदारी, ही दुसरी फेरीच झाली. १९८६च्या 'आउटरन'मध्ये रस्त्याला फाटे होते, पंधरा टप्पे आणि पाच शेवट. म्हणजे पुन्हा खेळण्याचं कारण रस्त्यातच पेरलेलं. २०२५चा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' मात्र इथे घसरतो. चषकाच्या शर्यतींत पहिली सोडली तर बहुधा एका ट्रॅकपासून दुसऱ्यापर्यंत हमरस्त्याने धावायचं, आणि मुक्कामाच्या ट्रॅकवर जेमतेम एक फेरी. चोवीस गाड्या मावाव्यात म्हणून रस्ते ऐसपैस, वळणं बेताची. ट्रॅकची ओळख व्हायच्या आत शर्यत संपते.

दुसरं टोक खरे रस्ते हुबेहूब उतरवण्याचं. जर्मनीतली न्युर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ, १९२७ साली खुली झालेली, २०.८ किलोमीटरची, ही गेममधली सर्वोत्तम वाट आहे असं अनेकांचं ठाम मत आहे, आणि ते मलाही खोडता येत नाही. इतकी वळणं एका बैठकीत पाठ होत नाहीत. तिची प्रत्येक फेरी हा नवा धडा असतो. पण हे श्रेय गेम करणाऱ्यांचं नाही. आता लेझरने रस्त्याचा खळगा न् खळगा मोजून घेतात. ते काम नकाशाकाराचं आहे, आणि उत्तम नकाशाकाराचं. त्यातून नवा रस्ता जन्मत नाही. शिवाय खऱ्या स्पर्धेचा परवाना घेऊन केलेल्या गेममध्ये गुणवत्तेला मत नसतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 'एफ१ २०११'मध्ये आलं आणि भारतातली शर्यत २०१३नंतर थांबताच मालिकेतून गळालं. दहा-अकरा क्रमांकांची ती लांबच लांब उजवी वळणं वाईट झाली होती म्हणून नव्हे, तर वेळापत्रकात नाव उरलं नाही म्हणून. उलट १९९७च्या 'ग्रान टुरिस्मो'तलं कपोलकल्पित 'ट्रायल माउंटन' अजून जिवंत आहे. खडकांच्या भिंती, बोगदे, आणि शेवटाकडच्या शिकेनमध्ये, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांत, कडेच्या पट्टीवर चाक चढवून वाचवायचे क्षण. २०२२च्या सातव्या भागात ते परतलं तेव्हा सरळ पट्टी लांबवली गेली आणि शिकेन आवळलं गेलं. नवा आराखडा खऱ्या सर्किटसारखा शिस्तीचा आहे. माझ्या मते तिथेच हा ट्रॅक थोडा वाया गेला.

(सर्वांत वाईट कोण, याचा वादच नको. २००३च्या 'बिग रिग्स'मध्ये ट्रक डोंगरातून आणि इमारतींतून आरपार जातो, आणि प्रतिस्पर्धी जागचा हलतही नाही. जिथे रस्ता सोडला तरी काही बिघडत नाही, तिथे ट्रॅक नाहीच.)

आज नव्या रस्त्यांची खरी प्रयोगशाळा मोठ्या स्टुडिओंबाहेर आहे. 'ट्रॅकमेनिया'त ट्रॅक खेळाडूच बांधतात, आणि बांधणाऱ्याला तो प्रसिद्ध करण्याआधी स्वतः चालवून पूर्ण करावा लागतो. त्याची वेळ हेच इतरांपुढचं सर्वांत अवघड पदक. २०२०च्या आवृत्तीपासून रोज असा एक ट्रॅक निवडला जातो. त्यातले बरेच दिखाऊ असतात, काही तर नुसते छळवादी. पण काहींवर दिवस उलटून गेल्यावरही लोक सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झगडत राहतात, आणि ते ट्रॅक दिसायला बहुधा साधेच असतात.